नळ आला, पुढे काय?

गेल्या उन्हाळ्यात बऱ्हाणपूरच्या आमच्या जुन्या घरात माडीवरच्या नळाने अखेर मान टाकली. खाली मोरीत बादली भरत होती, वर मात्र तांबूस थेंब तेवढे ठिबकत. मिस्त्रीने भिंत फोडली, लोखंडी नळ कापला आणि तुकडा माझ्या हाती दिला. बाहेरून धडधाकट, आत गंज आणि चुना यांचा असा थर की पेन्सिलही जेमतेम शिरावी. "काका, नळ भिंतीत गाडताना सांधे उघडे ठेवले असते, तर आज घर फोडावे लागले नसते," मिस्त्री म्हणाला. ते शब्द मनात घर करून राहिले.

याच बऱ्हाणपूर जिल्ह्याला २०२२ साली 'हर घर जल' हे प्रमाणपत्र मिळाले. गावोगावच्या घरांत नळ पोहोचल्याचा असा दाखला मिळविणारा हा देशातील पहिला जिल्हा. पुढे २०२४ साली तेथील कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडाराही म्हणतात, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. नव्या नळाचा आणि जुन्या नहराचा असा लागोपाठ गौरव झाला, याचा कोणाला आनंद होणार नाही? परंतु या दोन गौरवांत एक प्रश्न दडलेला आहे.

कुंडी भंडाऱ्याचे काम १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात झाले. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडविले आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले. पंपाचे नाव नाही. या भुयारावर थोड्या थोड्या अंतराने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून वारा आत जातो, आणि माणूसही. माझ्या मते खरे शहाणपण या दुसऱ्या गोष्टीत आहे. या पाण्यातील चुना भुयाराच्या भिंतींवर साचत जातो. वेळेवर काढला नाही तर वाट अरुंद होते. म्हणजे आमच्या नळाचा आणि या नहराचा रोग एकच. फरक एवढाच की नहरात उतरायला वाट होती, आमच्या नळाला नव्हती.

घरच्या नळाचे असे का होते, हेही समजून घ्यावे. लोखंडावरचा जस्ताचा मुलामा काही दशकांत झिजतो. पाणी जड असेल तर चुना बसतो. पाणी दिवसातून तास-दोन तासच येत असेल, तर उरलेला वेळ नळात हवा राहते, आणि ओल व हवा मिळून गंजाला निमंत्रणच देतात. त्याहून वाईट असे की रिकाम्या नळाला कुठे भेग असेल, तर शेजारच्या गटाराचे पाणीही आत ओढले जाते. तांबूस पाणी आणि वरच्या मजल्यावर मंदावलेली धार ही पहिली सूचना असते. आपण ती तोटीचा दोष समजून सोडून देतो.

नव्या योजनेत गावातील नळांची देखभाल ग्राम पाणी समितीकडे सोपविली आहे. कल्पना योग्य आहे. पण नळ बसतो त्या दिवशी समारंभ होतो. वीस वर्षांनी तो तुंबतो त्या दिवशी कोण येतो? समितीकडे पाणीपट्टीचा पैसा, हाताशी माहीतगार मिस्त्री आणि नळ कुठून कसा गेला याचा नकाशा, या तिन्ही गोष्टी हव्यात. शिवाय भूगर्भातले पाणीच उरले नाही, तर उत्तम नळही कोरडाच. केळीच्या बागांसाठी कूपनलिका खोल खोल जात आहेत, ही चिंता नहरालाही आहे आणि नळालाही.

मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात. छोट्या आपण करू या. नवा नळ घालताना तो शक्यतो भिंतीबाहेर ठेवावा. गाडावाच लागला, तर सांध्यांपाशी झाकण असावे. नळ कुठून गेला याचे चित्र काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावे. आम्ही या वेळी तसेच केले. भिंतीवरचा नळ दिवाणखान्याला शोभत नाही, अशी घरात कुरकुर झाली. मी कापलेला तुकडा तेवढा पुढे ठेवला. कुरकुर थांबली.