डॉक्टरांपुढे बोलताना

भिलाई-3 मधील एखादी मराठी गृहिणी डॉक्टरांना ‘पोटात कळ येते’ असे सांगते. हिंदीत ‘ळ’ नाही. डॉक्टरांच्या कानी पडते ‘कल’! मग दुखणे कालचे की आजचे, यावरच चौकशी खोळंबते. ‘मरोड’ म्हटले असते तर बोलणे थेट दुखण्यावर आले असते. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे पोलाद कारखाना उभा राहिला. येथील मराठी घरांत अशा दोन भाषा नित्याच्याच.

वेळही थोडा असतो. 67 देशांविषयीच्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील प्राथमिक तपासणीचा काळ सुमारे 2 मिनिटे आढळला. तेव्हा मुख्य तक्रार आधी सांगावी : कोठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते. चालू असलेली औषधे दाखवावीत, काढेसुद्धा. (काढा लपविण्याची आपल्याकडे भारी हौस!) गरोदरपणाची शंका असल्यास ती अवश्य सांगावी, सासूबाईंसमोर संकोच वाटला तर डॉक्टरांकडे एकांत मागावा. उठण्यापूर्वी गोळी किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे आपणच त्यांना म्हणून दाखवावे. ऐकण्यात चूक झाली असेल, तर ती तेथेच उमगेल.