स्वस्ताई आणि स्वामित्व

मोठ्या साखळी दुकानांच्या समर्थकांचा पक्ष प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. ते म्हणतात की, शेकडो दुकाने चालवणारा उद्योगसमूह माल एकगठ्ठा खरेदी करतो, सबब तो त्यास स्वस्त पडतो व त्या स्वस्ताईचा वाटा ग्राहकाच्या पदरात पडतो. शिवाय पाठीशी विपुल भांडवल असल्याने त्याचा कारभार स्थिर राहतो, म्हणून किराण्याचा व्यापार जितक्या थोड्या व बलाढ्य हातांत एकवटेल तितके लोकहितच साधेल. यातील पहिले विधान पुष्कळ अंशी खरे आहे. मोजक्या पगारात महिना निभावणाऱ्या गृहिणीला तूरडाळीच्या किलोमागे वाचलेले चार रुपये क्षुल्लक नसतात, आणि तिने ते सोडावेत असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरत नाही.

प्रथम स्थैर्याचा मुद्दा घेऊ. 2001 साली सुरू झालेले बिग बझार हे नाव शहरोशहरी पोहोचले होते. तथापि त्याची मालकी असलेल्या फ्यूचर समूहावर कर्जाचा डोंगर चढला, ऑगस्ट 2020 मध्ये रिलायन्सशी सुमारे 24,713 कोटी रुपयांच्या विक्रीचा करार जाहीर झाला आणि ॲमेझॉनने त्यास हरकत घेताच प्रकरण लवादापासून न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस अनेक शाखांची दारे ग्राहकांना अकस्मात बंद आढळली, कारण थकलेल्या भाड्याच्या जागांचा ताबा रिलायन्सने घेतला होता. एप्रिलमध्ये तारणधारक सावकारांनी कौल विरुद्ध दिल्याने तो करारही बारगळला, आणि जुलैत समूहाच्या फ्यूचर रिटेल या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. गिऱ्हाईक आटले नसतानाही केवळ मालकाच्या कर्जापायी दुकान मिटू शकते, तर आकारात स्थैर्य असते असे कोणत्या आधारावर म्हणावे? त्याआधी 2009 साली देशभर पसरलेली सुभिक्षा या साखळीची दुकानेही अशीच बंद पडली होती.

स्वस्ताई हे आकाराचेच फळ आहे, हेही अर्धसत्य होय. पवई येथे 2002 साली पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने विस्तारात घाई केली नाही, जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या घेतल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात खरेदीचा दर उतरवून घेतला. म्हणजे स्वस्ताईचे मूळ काटकसरीत व रोखीच्या व्यवहारात आहे, आणि हे गुण कोणा एका समूहाचे वतन नव्हेत. उलट जेथे खरेदीदार मूठभरच उरतात तेथे पैसे अडकवून ठेवण्याची व करार झाल्यावर अटी फिरवण्याची सत्ता त्यांच्या हाती येते, आणि तिचा भार लहान उत्पादकाला मुकाट्याने सोसावा लागतो.

म्हणून आमचा पक्ष दुकान नको असा नसून सत्तेला हिशेब हवा असा आहे. लघुउद्योगाच्या मालाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असा दंडक 2006 च्या कायद्यात आहेच. त्याची अंमलबजावणी कठोर व्हावी, आणि पुरवठादारांच्या तक्रारींचा निवाडा करणारा जो स्वतंत्र अधिकारी ब्रिटनने 2013 पासून किराणा व्यापारासाठी नेमला आहे, तशी तजवीज आपल्याकडेही व्हावी.

दुसरा उपाय ग्राहकाच्याच हाती आहे. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, आणि एखाद्या सभासदाच्या घरी माल उतरला की याद्या हातात घेऊन सर्वजण मिळून वाटप उरकतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरातीचा खर्च नाही. एकगठ्ठा खरेदीचा लाभ मात्र पुरता मिळतो, आणि त्याचा मालक स्वतः ग्राहकच असतो.

सहकारी भांडारे बुडाली, असा आक्षेप यावर येईल. काही बुडाली, हे निर्विवाद आहे. पण भांडवलाचे डोंगरही बुडाले, हे आपण वर पाहिलेच. भेद इतकाच की, सहकारी संस्थेचा कारभार बिघडू लागला तर सभासदाला सभेत उभे राहून जाब विचारता येतो, आणि समूहाचा कारभार बिघडला तर ग्राहकाला बंद दारावरची सूचना वाचून परतावे लागते. हा जाब विचारण्याचा हक्क किलोमागे वाचलेल्या चार रुपयांइतकाच मोलाचा आहे, आणि संघटित ग्राहकाला दोन्ही एकत्र मिळवता येतात.