दोन ओळींची नोंद

परवा १२ मे झाला. परिचारिका दिन. गावातल्या मंडळींनी शाल-श्रीफळाचा छोटा कार्यक्रम ठेवला होता आणि अध्यक्ष म्हणून मला बसवलं होतं. (निवृत्त मास्तराला अध्यक्षपद फुकट मिळतं, भाषण मात्र द्यावं लागतं.) मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, कंदील, सेवाभाव असं ठरलेलं बोललो. सत्कार झालेल्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. वीसेक वर्षं बाहेरच्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. चहा घेताना म्हणाली, "सर, ज्या कामासाठी मला शाल मिळावी असं वाटतं, ते काम सांगितलं तर तुम्ही दिलेली पण परत घ्याल."

मी म्हटलं, सांग तर खरं.

एका रात्री एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. काय झालं ते आईच्या तोंडून निघेना. वॉर्डातल्या मावशी चांगल्या मनाच्या, त्या म्हणाल्या, आधी लेकराला अंघोळ घालू, कपडे बदलू. हिने त्यांना थांबवलं. मुलीजवळ बसली, पाणी दिलं, पुढे काय काय करणार ते सांगितलं आणि "चालेल का?" असं विचारलं. डॉक्टरांची तपासणी झाल्यावर कपडे सावलीत वाळवले, एकेक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घातला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा नासतो. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ, सही. पोलिसांच्या ताब्यात कधी दिलं, कोणी घेतलं, त्याची रजिस्टरात दोन ओळींची नोंद. चार वर्षांनी कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तिला तासभर याच पाकिटांवरून छेडलं, आणि त्या दोन ओळी टिकल्या. त्या रात्री मात्र वॉर्डातली बाकीची कामं मागे पडली म्हणून तिने वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती.

यात शाल परत घेण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. "पुढचं ऐका," म्हणाली.

दुसऱ्या एका खेपेला पोलिसांनी कोठडीतला आरोपी आणला. गुन्हा ऐकून अंगावर काटा यावा असा. सोबतचा शिपाई म्हणाला, बाथरूममध्ये घसरून पडला. ही ड्रेसिंग करायला गेली तर दोन्ही तळपाय सुजलेले, माणूस उभा राहीना. घसरून पडलेल्याचे दोन्ही तळपाय कसे सुजतील? तिने डॉक्टरांना दाखवलं आणि आपल्या नोंदीत दिसलं तेवढंच लिहिलं. कोणी मारलं ते लिहिलं नाही, ते तिचं कामच नाही. तिच्या सासरच्या गावात ही गोष्ट पोचली तेव्हा लोक म्हणाले, असल्यांची कसली शुश्रूषा करता?

खरं सांगतो, मीही मनात तेच म्हणालो. तोंडावर आलं नाही इतकंच.

रात्री झोप लागेना, तेव्हा मथुरा प्रकरण आठवलं. १९७२, दुष्काळाचं साल. मी नांदेडला बी.ए. करत होतो. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठला. अंगावर जखम नाही, असा अहवाल. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. जखम नाही हे त्यातलं एक कारण. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देश पेटला, १९८३ साली कायदा बदलला. त्या रात्री तिला ठाण्यातून थेट एखाद्या जाणत्या सिस्टरसमोर नेलं असतं तर? आणि ठाणं पोलिसांचं, आरोपी पोलीस, तिथे त्या सिस्टरला किती धीर लागला असता?

कोठडीतल्या माणसाचे तळपाय आणि मथुरा या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे मला त्या रात्री उमगलं. बंद दाराआड जे झालं त्याला कायद्याआधी एक बाहेरचा डोळा लागतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायला सांगितलं ते यासाठीच. तो डोळा आज एकाला आवडेल तेवढं आणि उद्या दुसऱ्याला आवडेल तेवढं पाहू लागला, तर तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. 'पुरावा काय?' असं विचारायला शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांचं मूळ गाव आमचं. निदान आम्हाला तरी हे जड जाऊ नये.

नियम सुधारलेत, नाही असं नाही. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या हलाखीवर अहवाल लिहिला, प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला, २०१३ साली राज्याने आणि २०१४ साली केंद्राने तपासणीची रीत ठरवून दिली. दोन बोटांची ती अपमानकारक चाचणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. अमेरिकेत न्यायवैद्यक परिचर्येला १९९५ पासून स्वतंत्र शाखेचा मान आहे. आपल्याकडे २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तो विषय आला. पण तपासणी कायद्याने डॉक्टरांची, अहवालावर सही डॉक्टरांची. सिस्टरचं नाव रजिस्टरात राहतं आणि साक्षीला बोलावलं तर कोर्टात पुकारलं जातं.

परिचारिकांचे राष्ट्रीय पुरस्कार १९७३ पासून आहेत, त्याबद्दल आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच की रात्रपाळीत नीट लिहिलेली नोंद, वाळवून ठेवलेला कपडा, शिपाई शेजारी उभा असताना खरं लिहिणारा हात यांचीही जिल्ह्यात कोणीतरी गणती ठेवावी. साक्षीला जायचा दिवस तिच्या रजेतून कापू नये. पुरस्काराआधी हे केलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी भाषणात तुझं ते तळपायाचं सांगतो.

"नको सर," ती म्हणाली. "त्या केसची तारीख आहे गुरुवारी. अजून माझी साक्ष व्हायचीय."