पिशवीचा काय गुन्हा?

चाळिशीतल्या बाईची पाळी बिघडली की आमच्या झरीत निदान ठरलेलं असतं: ‘पिशवी खराब झाली.’ उपायही ठरलेला: ‘काढून टाका, कटकट मिटेल.’ माझं म्हणणं सरळ आहे. पुष्कळदा बिघाड पिशवीत नसतोच.

पाळीचा कारभार चालतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून आणि अंडाशयातून. वयाबरोबर अंडाशयातली बीजं कमी होतात, तिथून येणारं इनहिबिनही घटतं. मग पिट्युटरी एफएसएच वाढवते. आधी पाळी लवकर येते, पुढे महिने चुकतात. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. नुसत्या इस्ट्रोजेनवर पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम खूप रक्त जातं. पिशवी फक्त आलेला हुकूम पाळते. गडबड सर्व्हरमध्ये आणि आपण फोडतोय मोबाइल!

शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं? २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. तिथे पाळी हीच अडचण ठरते. हा आजार अंडाशयाचा की मजुरीच्या हिशोबाचा?

‘मग रक्त जाऊ द्यायचं का?’ अजिबात नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी करा. गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासा. गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. कर्करोग किंवा मोठ्या गाठी असतील तर ऑपरेशन लागू शकतं. पण पहिल्याच भेटीत तारीख कशाला? पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. तरुण वयात हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘कटकट मिटेल’ म्हणणारे हे सांगत नाहीत.

अनावश्यक ऑपरेशनं रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच राज्यांना बजावलंय. पण कागद गावात आपोआप पोचत नाही. तो आपण पोचवायचा. आईच्या, मावशीच्या पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. लाजू नका. वर्षभर थांबलेली पाळी पुन्हा दिसली तर लगेच डॉक्टर गाठा. आणि सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: आजाराचं नाव काय? रिपोर्ट कुठे आहे? औषध देऊन पाहिलं का?

उत्तर नुसतं ‘पिशवी खराब आहे’ असं आलं, तर सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे जा.