दान किती पडलं?

कर्जत, नेरळ आणि खोपोलीतली आमच्या ओळखीची चार-पाच पोरं शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. कर्जत-खोपोली गाड्या मोजक्याच, त्यामुळे एकत्र बसणं क्वचित. बाकी खेळ रोल२० या साइटवर. आत्या-मावश्यांसाठी थोडक्यात सांगते: प्रत्येकाचं एक पात्र, त्याची ताकद, चपळाई वगैरे लिहिलेला एक तक्ता, आणि जमलं की नाही हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. १९७४ साली अमेरिकेत आलेला हा खेळ मुळात कागद-पेन्सिलीचा. आता तक्ता स्क्रीनवर असतो. बटण दाबलं की फासा टाकून बेरीजही तोच करतो.

माझी कुरकुर आहे ती या बेरजेबद्दल.

माझ्या भाच्याचे परवा लागोपाठ चार वार चुकले. "ते सॉफ्टवेअर माझ्यावर डूख धरून आहे, मी नाही खेळत आता," म्हणाला. शेवटच्या वाराला स्क्रीनवर काय होतं? १४. बस्स, एवढंच. पण रोल२० वर त्या आकड्यावर माउस नेला की तो उलगडतो: फाशावर ९, ताकदीचे ३, सरावाचे २. समोरच्याचं चिलखत १५ चं. म्हणजे वार एकाने हुकला!

आता हिशोब बघा. त्याला फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे विसात अकरा संधी, ५५ टक्के. वार चुकायची शक्यता ४५ टक्के. चारही वार चुकायची शक्यता शेकडा चार. असे चार-चार वार पंचवीसदा केले तर सरासरी एकदा असं होतं की! आणि सोबत्याशी संगनमत करून 'अॅडव्हांटेज' मिळवला असता, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तर ५५ चे जवळजवळ ८० टक्के झाले असते. नशिबाला बोल लावण्यापेक्षा हे कळणं जास्त कामाचं नाही का?

आपल्याकडे सारीपाटात कवड्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडायच्या. उताण्या किती ते सगळे मिळून मोजायचे आणि मगच सोंगटी हलायची. दान पडणं वेगळं आणि त्या दानाचं काय करायचं ते वेगळं, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. स्क्रीनवर दोन्ही एकाच आकड्यात विरघळतात.

यावरून महाभारतातला नळराजा आठवतो. द्यूतात राज्य घालवून तो ऋतुपर्णाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून सांगितली. फळं म्हणे २०९५. नळाने मान डोलावली नाही. रथ थांबवला, झाड तोडलं आणि स्वतः मोजून पाहिलं. हिशोब बरोबर निघाला, तेव्हा त्याने ती विद्या मागून घेतली. त्याच विद्येत फाशांचं मर्म होतं. वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. हा बेहडा आपल्याकडे भीमाशंकरच्या उतारावरच्या रानात आहेच, त्रिफळ्यातही आहे.

मला त्या गोष्टीत नळाचं रथ थांबवणं सगळ्यात आवडतं. आकडा बरोबर असेलही, पण तो कसा आला हे विचारायचा हक्क सोडू नये. आज खेळात बटणावर भरवसा ठेवून नशिबाला शिव्या देणारी पोरं उद्या कर्जाच्या हप्त्याचा आकडाही तसाच मुकाट मान्य करतील, ही माझी खरी भीती.

म्हणून माझं मत: प्रत्येक वाराआधी 'किती हवेत' ते मोठ्याने म्हणावं, आणि नंतर फाशाचे किती, मिळवलेले किती, हे वेगळं वाचावं. पाच सेकंदांचं काम आहे. भाच्याला मी हेच सांगितलंय. येत्या शनिवारी तो खेळणार आहे म्हणे!