विश्लेषण : विंडोज अपडेटनंतर लॉक स्क्रीनवरचा फोटो गायब? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

रात्री अपडेट लागले. सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉक स्क्रीनवर जिथे मुलांचा फोटो होता तिथे कुठल्या तरी देशातला डोंगर, खाली हवामान आणि शेअर बाजाराचे आकडे. काहींना नुसताच निळा किंवा काळा पडदा दिसतो. ‘व्हायरस आला’ असे समजून अनेक जण मशीन उचलतात आणि थेट सीताबर्डी गाठतात. तिथेही काही वेळा सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळते : फॉरमॅट.

फोटो बदलण्याची बहुतेक कारणे साधी असतात, घरबसल्या दहा मिनिटांत सुटतात. एका कारणात मात्र तुमच्या फाइल्स खरोखर धोक्यात असतात आणि तेव्हा फॉरमॅट म्हणजे आगीत तेल. या दोन्हींतला फरक कळणे महत्त्वाचे.

हे डोंगर-समुद्र येतात कुठून?

विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ‘स्पॉटलाइट’ नावाची सोय दिली आहे. ती इंटरनेटवरून नवनवे फोटो आणून लॉक स्क्रीनवर लावते. मोठ्या अपडेटनंतर कधी कधी आपली निवड पुसली जाते आणि पुन्हा स्पॉटलाइट सुरू होते. तुमचा फोटो डिलीट झालेला नसतो, तो ज्या फोल्डरमध्ये होता तिथेच असतो.

सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन उघडा. ‘स्पॉटलाइट’ऐवजी ‘पिक्चर’ निवडा आणि आपला फोटो दाखवा. त्याच्याच खाली गमतीदार माहिती आणि टिप्स दाखवण्याची खूण असते, ती काढून टाका. हवामान आणि शेअर बाजार नको असतील तर याच पानावर ‘लॉक स्क्रीन स्टेटस’मध्ये ‘नन’ निवडा. नव्या आवृत्त्यांत त्यासाठी विजेट्सचे वेगळे बटण आहे.

लॉक स्क्रीनवर फोटो दिसतो पण पासवर्ड टाकायच्या पडद्यावर दिसत नाही, अशीही तक्रार असते. त्याचे बटण याच पानावर तळाशी आहे.

उलट अडचणही होते. स्पॉटलाइट हवे असते, पण एकच फोटो महिनाभर अडकून बसतो. अशा वेळी ‘पिक्चर’ निवडून मशीन रीस्टार्ट करा आणि परत ‘स्पॉटलाइट’वर या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांनी वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू आहे का तेही बघावे. डेटा वाचवण्यासाठी विंडोज अशा जोडणीवर मागे चालणारी बरीच डाउनलोड रोखून धरते.

पर्यायच करडे दिसत असतील तर?

मग प्रश्न फोटोचा नाही. विंडोज ॲक्टिव्हेट झालेले नसेल तर पर्सनलायझेशनचे पान बंदच राहते. असेम्बल केलेल्या पीसीवर, विशेषतः मदरबोर्ड बदलल्यानंतर, हे हमखास घडते. आणि ‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ अशी ओळ दिसली तर मशीन बहुधा ऑफिसचे आहे. मिहानमधल्या कंपनीच्या लॅपटॉपवर लेकीचा फोटो लावायचा की नाही, हे कंपनीचा आयटी विभाग ठरवतो. तिथे खटपट करू नका.

चूक कंपनीचीच असू शकते का?

हो, आणि ती झालेली आहे. विंडोज ७ चा मोफत आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या दिवशीच्या अखेरच्या अपडेटने ‘स्ट्रेच’ पर्यायात लावलेले डेस्कटॉपचे वॉलपेपर काळे करून टाकले. आधार संपल्यावरही मायक्रोसॉफ्टला सगळ्यांसाठी दुरुस्ती काढावी लागली. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हा वॉलपेपर बदलणाऱ्या काही ॲप्सशी तिचे जमेना. आयकॉन गायब होत, वॉलपेपर दिसत नसे. कंपनीने अशा मशीनवर ते अपडेट काही काळ थांबवूनच ठेवले. तुमच्याकडे असे एखादे ॲप असेल तर आधी त्याची नवी आवृत्ती घ्या.

घाबरायचे कधी?

फोटोबरोबर डेस्कटॉपवरच्या फाइल्सही दिसत नसतील तेव्हा. विंडोजला तुमचे प्रोफाइल उघडता आले नाही तर ते ‘टेम्पररी प्रोफाइल’ उघडून देते. सगळे कोरे करकरीत, नवीन घेतलेल्या मशीनसारखे. ‘वी कान्ट साइन इन टू युवर अकाउंट’ असा संदेशही येतो, आणि आपण सवयीने तो बंद करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर कित्येकांच्या बाबतीत नेमके हेच घडले. अनेकांच्या फाइल्स सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये, किंचित बदललेल्या नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप सापडल्या.

म्हणून अशा वेळी नवीन काही सेव्ह करू नका, कारण टेम्पररी प्रोफाइलमध्ये केलेले काम साइन आउट करताच पुसले जाते. दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा. तरी जुना डेस्कटॉप परत आला नाही तर ‘यूजर्स’ फोल्डर उघडा, आपल्या नावाचे फोल्डर शोधा आणि आतले सगळे पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. दुकानात त्यानंतर जा, आणि ‘डेटा ठेवूनच दुरुस्त करा’ असे आधी सांगा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट किंवा दुकानाचे टॅलीचे हिशेब फॉरमॅटनंतर परत मिळतीलच, याची हमी कोणी देत नाही.

पडद्यावर फोन नंबर देऊन ‘ताबडतोब कॉल करा’ म्हणणारा इशारा आला तर तो खोटा समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

मग अपडेटच बंद करून टाकावे?

हा राग समजण्यासारखा आहे. घर आपण विकत घ्यायचे आणि बिल्डरने अधूनमधून येऊन दारावरची पाटी बदलायची, असा हा प्रकार. लॉक स्क्रीन ही कंपनीची जाहिरात लावायची भिंत नाही, आणि ग्राहकाची निवड अपडेटमध्ये पुसली जाणे ही किरकोळ बाब म्हणून सोडून देता येत नाही. कारण असल्या त्रासालाच कंटाळून लोक अपडेट बंद करतात.

त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम कोलमडले. हा हल्ला पसरण्याचा एक मार्ग विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून गेला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी हा मुद्दा जास्तच लागू होतो. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, पण ती आपोआप सुरू होत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.