विश्लेषण : सायकल जवळपास फुकट मिळाली, तरी लोक चालवत का नाहीत?

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या बीडकरांना २०१८ मधलं चित्र आठवत असेल. फुटपाथवर पिवळ्या, केशरी सायकली उभ्या. मोबाइलवर कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडायचं आणि निघायचं.

नेमकं काय झालं होतं?
डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध परिसरातून या सायकलींची सुरुवात झाली. पुढे ओफो, मोबाइक, युलू आल्या. भाडं नाममात्र, वर सवलती. पण ओफोने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. काही सायकलींची मोडतोड झाली आणि दोनेक वर्षांत बहुतेक रस्त्यावरून गायब झाल्या.

चुकलं कुठे?
सवलतीमुळे पहिली फेरी होते. दुसरी फेरी व्हायची तर सायकल जागेवर, चालू स्थितीत मिळावी लागते आणि रस्त्यावर जिवाची भीती वाटता कामा नये. कूपन देऊन हे दोन्ही होत नाही.

मग बक्षीस कामाचंच नाही?
आहे, पण नेमक्या अडचणीवर दिलं तर. पॅरिसमध्ये लोक चढावरच्या स्टँडवरून सायकल घेऊन उतारावर सोडत. वरचे स्टँड रिकामे पडत. म्हणून चढावर सायकल परत करणाऱ्याला १५ मिनिटं जादा मिळू लागली. न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या स्टँडवरची सायकल रिकाम्या स्टँडवर नेणाऱ्याला गुण मिळतात.

आपल्याकडचं ठळक उदाहरण बिहारचं. २००६ पासून तिथे नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांच्या पाहणीत मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्के वाढल्याचं दिसलं. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक सर्वाधिक होता.

तेलगावचा काय संबंध?
बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते तेलगावात मिळतात. एसटी चौकात थांबते. शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण वस्तीपासून चौकापर्यंतच्या तीन-चार किलोमीटरचं काय? तिथे पास चालत नाही. घरची मोटारसायकल मोकळी नसेल, तर त्या दिवशी शाळा बुडते.

मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. योजना चांगली आहे, पण सायकल हातात पडली म्हणजे काम संपलं असं नाही. तेलगावात साखर कारखाना आहे. गाळप हंगामात उसाने भरलेल्या जोड ट्रॉल्या याच रस्त्यांवरून जातात. साइडपट्टी खचलेली आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, तर कोणते आई-बाप मुलीला सायकलवर पाठवतील?

काय करता येईल?
तेलगावला क्यूआर कोडच्या सायकली नकोत. चौकात सावलीचा, राखणदार असलेला सायकल स्टँड हवा आणि पास दाखवला की तो मोफत. पंक्चर आणि ब्रेकसाठी शाळेकडे थोडा निधी हवा. बारावी झालेल्या मुलीने सायकल आठवीतल्या मुलीला दिली, तर तिला पुस्तकांसाठी काही रक्कम मिळावी. आणि गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर, रस्त्याला पक्की साइडपट्टी.

यातलं शेवटचं काम आधी व्हायला हवं. रस्ता सुरक्षित नसताना सायकल चालवायला बक्षीस देणं म्हणजे मुलींना धोक्यात ढकलणं आहे.